तोच पिंजरा, तेच शेंगदाणे : बॅजरला गोळी की सुई?

रानजाई | ८ सप्टेंबर २०२४, २१:१०

मंडळी, गेली तीन वर्षं मे ते नोव्हेंबर या काळात मी अधूनमधून पहाटे साडेचारला उठून दुसऱ्याच्या शेतात जाते. घरच्यांखेरीज कुणाला हे सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की 'तुला काय पडलंय त्याचं?' हा प्रश्न ठरलेला. पण ३० ऑगस्टला इथल्या नव्या सरकारने जाहीर केलं की गुरांचा टीबी रोखण्यासाठी चाललेली इंग्लंडमधली बॅजरांची कत्तल २०२९ पर्यंत, म्हणजे या संसदेची मुदत संपेपर्यंत, बंद होईल आणि लसीकरणाला जोर दिला जाईल. तेव्हापासून ऑफिसात, पबमध्ये, अगदी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या तयारीतही हाच विषय. म्हणून लिहितेच.

मी डर्बीशायरमध्ये राहते. बॅजर म्हणजे दहा-बारा किलोचा, आखूड पायांचा, करड्या अंगाचा आणि पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे ओढलेला निशाचर प्राणी. मुख्य खाणं गांडुळं. जमिनीत बिळांची चाळच असते त्यांची, पिढ्यान् पिढ्या तीच, आणि एका चाळीत एक कुटुंब. हद्दीवर खड्डे करून त्यात विष्ठा टाकून ठेवतात, म्हणजे शेजारच्या कुटुंबाने समजून घ्यायचं की इथून पुढे आमचं. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये मेलेल्या एका बॅजरात गुरांच्या टीबीचे जंतू सापडले आणि तेव्हापासून हा प्राणी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आधी १९७५ पासून बिळांत सायनाइडचा वायू सोडत, १९८२ मध्ये ते थांबलं. मग पिंजरे लावून मारणं आलं. आणि २०१३ पासून बंदुका. २०२३ अखेरपर्यंत २,३०,०००हून अधिक बॅजर मारले गेले आहेत. १९९२ च्या कायद्याने हाच प्राणी संरक्षित आहे बरं का, त्याच्या बिळाला धक्का लावला तर तुरुंग. मारायला सरकारी परवाना मिळतो, एवढंच.

आता आम्ही बॅजरांना लस देणारे स्वयंसेवक काय करतो ते सांगते. बिळांजवळ लोखंडी जाळीचे पिंजरे ठेवायचे, दारं बांधून उघडी ठेवायची, आत मूठभर शेंगदाणे आणि त्यावर एक जडसा दगड. दगड अशासाठी की पक्षी-खारींना तो हलत नाही, बॅजर मात्र नाकाने सहज उलटवतो. आठवडा-दहा दिवस रोज संध्याकाळी जाऊन दाणे टाकायचे. पिंजऱ्याची भीती मोडली की एका रात्री दार सोडायचं. पहाटे जाऊन बघावं तर बरेचसे बॅजर आत मुटकुळं करून झोपलेले असतात! सुई टोचायचा अधिकार प्रशिक्षण घेतलेल्या, परवाना असलेल्या माणसालाच. माझं काम पिंजरे वाहणं, नोंदी करणं आणि गप्प बसणं. जाळीतूनच मांडीत सुई, थोडे केस कातरून रंगाचा एक फवारा (दुसऱ्या रात्री तोच आला तर कळावं म्हणून), आणि दार उघडायचं. गडी एकदा मागे बघतो आणि झुडपात शिरतो.

पहिल्या वर्षी मला एक गोष्ट कळली आणि ती अजून डोक्यातून जात नाही. कत्तलीच्या भागात पिंजरा लावून मारतात तिथेही पद्धत हीच. असाच पिंजरा, असेच दाणे, अशीच पहाट. फक्त येणाऱ्याच्या हातात सुईऐवजी बंदूक. म्हणजे खटपट तेवढीच करायची आहे, मग शेवटी काय करायचं हा निवडीचा प्रश्न उरतो.

आणि मारल्याने टीबी जातो का, हे सरकारनेच तपासलं होतं. १९९८ ते २००५, प्रत्येकी १०० चौ. किमीचे तीस भाग. दहा भागांत सरसकट मारायचे, दहांत गुरांना टीबी निघाला तिथलेच मारायचे, दहांत काहीच करायचं नाही. सुमारे ११,००० बॅजर मारून झाल्यावर जॉन बोर्न यांच्या समितीने २००७ मध्ये निष्कर्ष दिला की ब्रिटनमधल्या गुरांचा टीबी आटोक्यात आणायला बॅजर मारण्याचा अर्थपूर्ण उपयोग होणार नाही. 'टीबी निघाला तिथेच मारा' हा प्रकार तर २००३ मध्येच गुंडाळावा लागला, कारण तिथे गुरांमधला टीबी उलट वाढला!

का वाढला? तर चाळीतली चार माणसं गेली की हद्द मोडते. उरलेले सैरभैर होतात, लांब भटकतात, शेजारचे रिकाम्या जागेत घुसतात, आणि जंतू त्यांच्याबरोबर. लस दिलेला बॅजर घरातच राहतो, हद्द सांभाळतो, परक्याला येऊ देत नाही. त्याला टीबी होण्याची शक्यता कमी होते तो वेगळाच फायदा. मला लसीच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो, आणि दुर्दैवाने तो कुणी बोलत नाही. सगळे 'किती गोड प्राणी' यावरच येऊन थांबतात.

---

अळूवडी | ८ सप्टेंबर, २१:४८

बाई गं, हे काहीच माहीत नव्हतं. बॅजरला मराठीत काय म्हणतात? आणि लस कुठली, खास बॅजरची असते का?

---

रानजाई | ८ सप्टेंबर, २२:०५

@अळूवडी, आपल्याकडे हा प्राणी नाहीच, त्यामुळे मराठी शब्द नाही. हिंदीत ज्याला बिज्जू म्हणतात तो हनी बॅजर, वेगळा, आणि स्वभावाने भलताच तापट. लस मात्र तुझ्या ओळखीची आहे. डाव्या दंडावर बघ. बीसीजीच! बॅजरसाठी तिला २०१० मध्ये परवाना मिळाला.

---

अळूवडी | ८ सप्टेंबर, २२:११

काय सांगतेस! म्हणजे मी आणि बॅजर लसभगिनी.

---

गणिती | ८ सप्टेंबर, २२:४०

त्यात आणखी गंमत अशी की बीसीजी मुळात गुरांच्या टीबीच्या जंतूपासूनच केलेली आहे. काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो जंतू तेरा वर्षं प्रयोगशाळेत वाढवत नेऊन निरुपद्रवी केला, आणि १९२१ मध्ये पहिल्यांदा एका बाळाला दिला. गाईचा जंतू माणसाच्या बाळाला, आणि जवळजवळ नव्वद वर्षांनी बॅजरला. गाईला मात्र अजून नाही. त्याचं कारण कुणीतरी लिहा.

---

चहाटळ | ८ सप्टेंबर, २३:०२

२०१३ मध्ये ठरलेल्या मुदतीत ठरलेले बॅजर मारून होईनात, तेव्हा तिथले मंत्री ओवेन पॅटरसन टीव्हीवर म्हणाले होते की बॅजरांनी गोलपोस्ट हलवले. याला आमच्याकडे नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात.

---

डॉ_वेसण | ९ सप्टेंबर, ०६:३५

रानजाईताई, छान लिहिलंय, पण दुसरी बाजू माझ्याकडे आहे. मी मूळचा तासगावचा, गेली अकरा वर्षं सॉमरसेटमध्ये गुरांचा डॉक्टर आहे. माझा अर्धा आठवडा टीबीच्या चाचण्यांत जातो. मंगळवारी मानेवर दोन ठिकाणी टीबीच्या जंतूचा अर्क टोचायचा, वर पक्ष्यांच्या टीबीचा, खाली गुरांच्या. शुक्रवारी परत जाऊन कातडीची जाडी मोजायची. खालची गाठ वरच्यापेक्षा जास्त आली की ती गाय गेली. गोठा बंद, विक्री बंद, साठ-साठ दिवसांनी पुन्हा चाचणी.

मागच्या हिवाळ्यात एका गोठ्यात सात निघाल्या. त्यातली एक आज-उद्या विणार अशी गाभण. दिवस भरलेली गाय ट्रकमधून नेता येत नाही, म्हणून तिला गोठ्याच्या दारातच मारलं. पोटातलं वासरू हलत होतं. मालक साठीचा माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा होता. नुकसानभरपाई मिळते, पण त्याने आणि त्याच्या बापाने चाळीस वर्षं जोपासलेला गाईंचा वंश, म्हणजे त्यांच्या भाषेत ब्लडलाइन, त्याची भरपाई काय करणार?

हा माणूस कत्तलीच्या बाजूचा आहे. तो क्रूर नाही. 'माझ्या गाईला मारता तेव्हा कुणी मोर्चा काढत नाही' असं तो म्हणतो, आणि त्यावर मला उत्तर देता येत नाही.

शिवाय या वर्षी आलेला सरकारी शास्त्रज्ञांचा अभ्यास बघा. कत्तल झालेल्या पहिल्या ५२ भागांत चार वर्षांनी गुरांमधला टीबी ५६ टक्क्यांनी उतरला. हे नाकारणार कसं?
आणि तिसरं, लस आजारी बॅजरला बरं करत नाही. आमच्या भागात आधीच लागण झालेल्यांचं काय?

---

शिवारातला | ९ सप्टेंबर, ०७:१५

डॉक्टरसाहेब, गाभण गाईचं वाचून सकाळचं दूध काढताना हात थांबला.

---

गणिती | ९ सप्टेंबर, १०:२०

@डॉ_वेसण, ५६ टक्के खरे आहेत. पण ते 'कत्तल झालेल्या भागांत' उतरले, 'कत्तलीमुळे' उतरले असं तो अभ्यास स्वतःही म्हणत नाही. त्याच काळात तिथे चाचण्या कडक झाल्या, रक्ताची गॅमा चाचणी वाढली, गुरांच्या ने-आणीवर बंधनं आली. न मारलेल्या भागांशी तुलना त्यात नाही. २०२२ मध्ये एका गटाने मारलेल्या आणि न मारलेल्या भागांची तुलना करून फरकच दिसत नाही असं मांडलं होतं. त्यावर सरकारी शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. आता तर त्या जुन्या मोठ्या प्रयोगाचीही फेरमांडणी झाली आहे आणि त्यात परिणाम आढळत नाही असं काहींचं म्हणणं आहे.

जुन्या प्रयोगाचे आकडे धाग्यात यायला हवेत. सरसकट मारलेल्या भागाच्या आत टीबी सुमारे २३ टक्के घटला. हद्दीबाहेरच्या दोन किमीच्या पट्ट्यात सुमारे २५ टक्के वाढला. रानजाईंचा 'हद्द मोडते' हा मुद्दा या दुसऱ्या आकड्यात आहे. पण पहिला आकडाही आहे, तो त्यांनी लिहिला नाही.

---

रानजाई | ९ सप्टेंबर, १९:५०

@गणिती, कान पकडला ते बरं केलंत. २३ टक्के लिहायला हवे होते.

@डॉ_वेसण, तुमचा प्रतिसाद ऑफिसात दोनदा वाचला. त्या मालकासाठी मोर्चा निघत नाही हे खरंच आहे, आणि आमच्यातले काही जण शेतकऱ्याला खलनायक करून मोकळे होतात त्याची मला लाज वाटते. २०१३ ते २०२३ मध्ये टीबीपायी सक्तीने मारलेली गुरं २,७८,०००. बॅजरांपेक्षा जास्त. वर्षाला दहा कोटी पौंडांच्या वर सरकारी खर्च. एवढं करून जो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा आहे त्याच्या पदरात काय पडलं, हाच तर माझाही प्रश्न आहे.

एक तुम्हालाच विचारते, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती मंगळवार-शुक्रवारची चाचणी, लागण झालेल्या पाच गाईंपैकी निदान एक तरी तिच्यातून सुटते ना? ती सुटलेली गाय गोठ्यात राहते, खोकते, तिचं शेण-मूत शेतात पसरतं, बाजारात विकलीही जाते. कंब्रियामध्ये तर टीबी आला तो उत्तर आयर्लंडहून आणलेल्या गुरांबरोबर. जंतूचा वाण तपासल्यावर कळलं. तिथल्या बॅजरांना तो गुरांकडून लागला. आणि मग मारले कोण? बॅजर.

लस बरं करत नाही, मान्य. पण रानातला बॅजर जगतो किती? बरेचसे तीन-चार वर्षांत संपतात, रस्त्यावर गाड्यांखालीच कितीतरी जातात. आजारी आपोआप कमी होतात, दर वर्षी नव्या पिल्लांना लस मिळत गेली की जंतूला नवं घर मिळत नाही. ग्लॉस्टरशायरमध्ये दिसलं होतं की कुटुंबातल्या एक-तृतीयांशाहून जास्त बॅजरांना लस दिली तर लस न मिळालेल्या पिल्लांचाही धोका ७९ टक्क्यांनी कमी होतो. आणि कॉर्नवॉलमध्ये बारा शेतांवर शेतकऱ्यांनीच पुढाकार घेऊन चार वर्षं लस देवविली, २६५ बॅजरांना. टीबीसाठी पॉझिटिव्ह येणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून शून्यावर आलं.

---

डॉ_वेसण | ९ सप्टेंबर, २१:२२

चाचणीबद्दल तुमचं बरोबर आहे. निरोगी गाईला ती फारशी चुकून दोषी ठरवत नाही, पण दोषी गाय तिच्या हातून निसटते. आम्हा डॉक्टरांत यावर वाद नाही. मालकाला हे सांगणं मात्र अवघड, कारण त्याचा अर्थ 'तुझ्याच गोठ्यात दडलंय' असा होतो. बॅजरकडे बोट दाखवलं की ते बोट स्वतःकडे वळत नाही. हे मी इथे टोपणनावाने लिहितोय म्हणून लिहितोय.

कॉर्नवॉलचा अभ्यास मी वाचला. अकरा चौ. किमीचा तुकडा आहे तो. बॅजरांमध्ये शून्य झाला हे चांगलंच, पण गाईंमध्ये त्यामुळे किती घटला हे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्या मालकाला बॅजरच्या तब्येतीशी देणंघेणं नाही, त्याला गाई वाचवायच्या आहेत.

---

रानजाई | ९ सप्टेंबर, २१:४०

हो. गाईंच्या बाबतीत तसा पुरावा अजून हातात नाही. हे मी शेतकऱ्यांशी बोलताना पण लपवत नाही.

---

काटेसावर | ९ सप्टेंबर, २२:१५

कोल्ह्यांचं उदाहरण आठवलं. युरोपात रेबीजसाठी वर्षानुवर्षं कोल्हे मारले, वायू सोडला, बक्षिसं लावली, रेबीज पुढे सरकतच राहिला. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकली. एकेका दरीत रेबीजची वाट बंद होत गेली आणि पश्चिम युरोपातून कोल्ह्यांचा रेबीज जवळजवळ नाहीसा झाला. बॅजरसाठी अशी खायची लस का नाही?

---

रानजाई | ९ सप्टेंबर, २२:३१

प्रयत्न खूप वर्षं चालू आहेत, वापरायला अजून मिळालेली नाही. तोवर पिंजरे वाहणं आलं. त्यामुळेच लस महाग पडते. वेल्समध्ये २०१२ साली सरकारने कत्तल बाजूला ठेवून उत्तर पेम्ब्रोकशायरमध्ये लस द्यायला घेतली तेव्हा पहिल्या वर्षी एका बॅजरमागे ६६० पौंडांच्या आसपास खर्च आला. विरोधक अजून हाच आकडा फेकतात. आमच्यासारखे बिनपगारी हात असले की तो बराच खाली येतो. आणि कत्तलीत पोलीस बंदोबस्ताचा खर्च धरतच नाहीत कुणी.

---

मांडवीकाठ | १० सप्टेंबर, ०९:०५

गोव्यातून. आमच्याकडे भटक्या कुत्र्यांचं हेच झालं. 'मिशन रेबीज'वाले जाळी घेऊन वाड्यावाड्यावर फिरून लस टोचायचे तेव्हा लोक हसायचे. २०१८ ते २०२१ या काळात गोव्यात माणसाला रेबीज झाला नाही, २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. आमच्या वाड्यावरचे कुत्रे तेच आहेत, भुंकतात तेवढेच.

---

चहाटळ | १० सप्टेंबर, ०९:३०

म्हणजे भुंकण्यावर लस नाही. (हलके घ्या.)

---

शिवारातला | १० सप्टेंबर, १३:४०

मी संगमनेरकडचा, बावीस गाई, सगळ्या संकरित. आपल्या इथलं लिहितो. गाईला टीबी असतो हेच निम्म्यांना माहीत नाही. गाय वाळत चालली, खोकते, दूध आटलं, की औषधं करतात आणि मग बाजार दाखवतात. घेणारा नेतो. जंतू त्याच्याबरोबर पुढच्या गोठ्यात. देशभरच्या अभ्यासांची एक बेरीज २०१८ मध्ये झाली होती, तिच्यात गुरांमध्ये ७.३ टक्के प्रमाण धरलंय, म्हणजे दोन कोटींच्या वर जनावरं. आपल्याकडे इंग्लंडसारखं चाचणी करून मारणं नाही, होणारही नाही. महाराष्ट्रात गाय १९७६ च्या कायद्याने वाचली, बैल २०१५ ला. मग आपल्याला लसीशिवाय गत्यंतर काय?

तर गणिती यांचाच प्रश्न पुन्हा. गाईला बीसीजी का देत नाहीत?

---

डॉ_वेसण | १० सप्टेंबर, २०:१८

@शिवारातला, कारण सोपं आहे आणि चीड आणणारं आहे. बीसीजी दिलेली गाय त्याच कातडीच्या चाचणीत दोषी दिसू शकते. लहानपणी बीसीजी झालेल्या माणसाची मांटू चाचणी (टीबीसाठी हातावर टोचून करतात ती) कशी फसवी येते, तसंच. मग लस घेतलेली कोण आणि आजारी कोण, कळणार कसं? म्हणून वेगळी चाचणी लागते. इंग्लंडमध्ये लस आणि ती नवी चाचणी यांचे प्रयोग २०२१ पासून हर्टफर्डशायरमध्ये सुरू झाले. ज्या देशात गाय मारायचीच नाही, तिथे ही अडचण खरं तर निम्मी आहे. इथिओपियात संकरित गुरांवर झालेल्या प्रयोगाचे निकाल याच वर्षी आले, चांगले आहेत. आपल्याकडे कुणी मनावर घेतलं तर होईल.

---

अळूवडी | १० सप्टेंबर, २०:४४

बीसीजी तर आमच्या पुण्यात सीरममध्ये बनते! एक खोका बॅजरांना पाठवता येईल की.

---

रानजाई | १० सप्टेंबर, २१:०२

@अळूवडी, हसू नकोस, खरंच तसा प्रसंग आला होता. २०१५ मध्ये जगभर बीसीजीचा तुटवडा पडला आणि वेल्सचं लसीकरण अर्ध्यात थांबलं. बाळांना आधी, हे योग्यच होतं. पण चार वर्षांची मेहनत मध्येच सोडायची म्हणजे पिल्लांची एक अख्खी पिढी बिनलसीची. बॅजरासाठी ठरावीक वाणाचीच लस लागते, परवान्यात तसं असतं. खोका पाठवून भागत नाही.

---

नवा_गडी | १० सप्टेंबर, २१:३०

पण इतकं कशाला, सरळ नेम धरून मारला तर त्याला कळणारही नाही. त्यात क्रूर काय?

---

रानजाई | १० सप्टेंबर, २१:५५

नेम धरूनच मारत होते. २०१३ च्या पहिल्या मोहिमेवर सरकारनेच स्वतंत्र तज्ज्ञ नेमले. त्यांना आढळलं की मोकळ्यावर रात्री गोळी घातलेल्या बॅजरांपैकी साडेसात ते तेवीस टक्के पाच मिनिटांनंतरही जिवंत होते. पाच मिनिटं घड्याळ लावून बघा. मेलेल्यांपैकी टीबी कितींना होता, हे तर बहुतेकांच्या बाबतीत तपासलंही गेलं नाही.

---

डॉ_वेसण | १२ सप्टेंबर, २२:४७

दोन दिवस कामात होतो. रानजाईताई, काल त्या भिंतीकडे तोंड केलेल्या मालकाकडे चाचणी वाचायला गेलो होतो. एक संशयित, बाकी साफ. चहा घेताना तुमचा धागा त्याला इंग्रजीत सांगितला. हद्दीचा मुद्दा त्याने ऐकला, काही बोलला नाही. त्याच्या भागातली कत्तल संपली आहे, रिकाम्या बिळांत आता बाहेरचे बॅजर येताना त्याला दिसतात. हे लागण झालेले आहेत की नाहीत ते कुणालाच माहीत नाही. आत आलेल्यांना गोळी घालत राहणार की टोचून तिथेच बसवणार, असं मी विचारलं.

निघताना त्याने गाडीच्या खिडकीपाशी येऊन एवढंच विचारलं, की दाणे किती लागतात. सहा बिळं आहेत त्याच्या रानात.

---

रानजाई | १२ सप्टेंबर, २३:०९

डॉक्टर!!

सहा बिळांपैकी वापरात किती ते आधी बघावं लागेल. ताजी माती, पायवाटा, विष्ठेचे खड्डे. तुमच्या भागातल्या गटाचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. या वर्षी आता घाई होईल, नोव्हेंबरअखेर हंगाम संपतो, पण पाहणी हिवाळ्यातच बरी. गवत नसतं, वाटा स्पष्ट दिसतात. मे महिन्यात पिल्लं बाहेर पडली की टोचायला सुरुवात.

दाणे साधारण पंचवीस किलोचं पोतं धरायला सांगा. सालासकट, कच्चे, बिनमिठाचे. आणि पोतं गोठ्यात ठेवू नका म्हणावं, बॅजर तिथेच येतील.